पेटी वाजवणाऱ्याने आयरिश संगीतासाठी कोणतं बटण अकॉर्डियन घ्यावं?

प्रश्न असा आहे: लहानपणापासून पेटी वाजवत आलेल्या आणि आता डब्लिनला राहणाऱ्या एकाला तिथल्या सेशनमध्ये (वादक जमून करतात त्या अनौपचारिक मैफलीत) बसून रील आणि जिग या नाचाच्या सुरावटी वाजवायच्या आहेत. दुकानदार दोन ओळींचं बी/सी (एक ओळ बीची, दुसरी सीची) पुढे करतो. सेशनमधला एक वादक म्हणतो, सी शार्प/डी घे. तिसरा म्हणतो, डायटॉनिकच्या (दाबताना एक आणि ओढताना दुसरा स्वर देणाऱ्या वाद्याच्या) भानगडीत पडूच नको, पाच ओळींचं क्रोमॅटिक घे. भाता कुठल्याही दिशेला असो, बटण तोच स्वर देतं, अगदी पेटीसारखं. यांतलं कुणाचं ऐकावं?

आधी निर्णय सांगतो, मग कारणं. मुख्यतः आयरिश पारंपरिक संगीत वाजवायचं असेल तर डायटॉनिक घ्या. शिक्षक बी/सीचा मिळत असेल तर बी/सी. पोल्का आणि स्लाइड या नाचांच्या तालाचं वेड असेल आणि तसा शिकवणारा असेल तर सी शार्प/डी. क्रोमॅटिक तेव्हाच, जेव्हा आयरिश संगीत हे तुमच्या वाजवण्याचा एक भाग असेल आणि बाकीच्यात अभंग, नाट्यगीतं, फ्रेंच वॉल्ट्झ असं काहीही असेल. ‘पेटीची सवय आहे’ हे क्रोमॅटिक घ्यायचं कारण म्हणून वाटतं तेवढं मोठं नाही. ती सवय पहिल्या दोन-तीन महिन्यांत उपयोगी पडते, पुढे तिचं फारसं काही चालत नाही.

नावांचा गोंधळ आधी निस्तरू, कारण चुकीची खरेदी बहुतेक वेळा इथेच होते. बटण अकॉर्डियनबद्दल दोन वेगळे प्रश्न विचारायचे असतात. पहिला: सप्तकातले बाराही स्वर आहेत का? दुसरा: भात्याची दिशा बदलली की त्याच बटणाचा स्वर बदलतो का? ‘डायटॉनिक’ म्हणताना लोकांच्या मनात बहुधा दुसरा प्रश्न असतो, शब्द मात्र पहिल्याचा वापरतात. दोन ओळींच्या बी/सीमध्ये बाराही स्वर असतात, तरी त्याला डायटॉनिक म्हणतात, कारण दाबताना एक स्वर आणि ओढताना दुसरा. रशियातली ‘ख्रोम्का’ गारमोन (तिथलं छोटं बटण अकॉर्डियन) नेमकी उलटी: नाव क्रोमॅटिकची आठवण देणारं, स्वररचना मुख्यतः डायटॉनिक आणि दोन्ही दिशांना स्वर तोच. स्कॉटलंडच्या जिमी शँड यांचं तीन ओळींचं बी/सी/सी शार्प ‘ब्रिटिश क्रोमॅटिक’ म्हणून ओळखलं जातं. त्याच्या उजव्या हाताचा स्वर दिशेप्रमाणे बदलतो आणि डाव्या हाताचा बदलत नाही. म्हणून विक्रीच्या जाहिरातीत ‘क्रोमॅटिक’ वाचून पैसे पाठवू नका. कोणतंही एक बटण दाबून भाता दोन्हीकडे हलवलेला व्हिडिओ मागा. दहा सेकंदांत उलगडा होतो.

खाली ‘दाब’ म्हणजे भाता मिटताना आणि ‘ओढ’ म्हणजे उघडताना, असं धरा. स्वरांची पाश्चात्त्य नावं वापरतो, कारण सेशनमध्ये तीच कानावर पडतील: सी म्हणजे पांढरी एक, डी पांढरी दोन, एफ शार्प काळी तीन, जी पांढरी पाच, ए पांढरी सहा, बी पांढरी सात. आयरिश सुरावटी बहुतेक डी, जी आणि ए या पट्ट्यांत बसतात, कारण टिन व्हिसल, लाकडी बासरी आणि इलियन पाइप्स (आयरिश बॅगपाइप) डीमध्ये असतात आणि फिडलच्या, म्हणजे व्हायोलिनच्या, मोकळ्या तारा जी, डी, ए, ई. थाटांच्या भाषेत सांगायचं तर बिलावल, खमाज, काफी आणि थोडी आसावरी. पेटीवाल्याला इथे आयती शिदोरी मिळते: डीमधली सुरावट मध्येच सी शार्प सोडून सी घेऊ लागली की ती खमाजकडे झुकली, हे तुमचा कान सांगेल.

आता मुख्य मुद्दा. तिन्ही वाद्यांवर डीचं सप्तक कसं पडतं ते पाहा, म्हणजे शैली कुठून जन्मते ते कळेल.

बी/सीमध्ये बाहेरची ओळ बीची, आतली सीची. सी-ओळीवर दाबाला सी, ई, जी आणि ओढीला डी, एफ, ए, बी. बी-ओळीवर दाबाला बी, डी शार्प, एफ शार्प आणि ओढीला सी शार्प, ई, जी शार्प, ए शार्प. यातून डीचं सप्तक असं निघतं: डी ओढ, ई दाब, एफ शार्प दाब, जी दाब, ए ओढ, बी ओढ, सी शार्प ओढ, वरचा डी ओढ. म्हणजे आठांपैकी पाच स्वर ओढीला, तीन दाबाला, आणि एकाच दिशेचे स्वर सलग येतात. बोटं दोन ओळींमध्ये ये-जा करतात आणि भाता त्या मानाने शांत राहतो. स्वर एकमेकांत गुंफल्यासारखे, प्रवाही निघतात.

सी शार्प/डीमध्ये आतली ओळच डीची. सप्तक त्या एका ओळीवर येतं: डी दाब, ई ओढ, एफ शार्प दाब, जी ओढ, ए दाब, बी ओढ, सी शार्प ओढ, डी दाब. जवळजवळ प्रत्येक स्वराला भाता उलटतो. चांगल्या चालीच्या रीलमध्ये सेकंदाला सातेक स्वर जातात. म्हणजे भाता सेकंदाला चार-पाच वेळा सहज पलटतो. प्रत्येक पलटीला स्वराची सुरुवात आपोआप ठसठशीत होते. आयरिश नर्तकाला पायाखाली जो धक्का हवा असतो तो इथे वाद्याच्या बांधणीतूनच येतो, वेगळा मिळवावा लागत नाही.

क्रोमॅटिकवर, सी-पद्धतीच्या मांडणीत, बाहेरून मोजल्यास पहिल्या ओळीत सी, डी शार्प, एफ शार्प, ए. दुसरीत सी शार्प, ई, जी, ए शार्प. तिसरीत डी, एफ, जी शार्प, बी. प्रत्येक ओळीत शेजारच्या दोन बटणांत तीन अर्धस्वरांचं अंतर, आणि तिरपं गेलं की अर्धस्वर. डीचं सप्तक तिसरी, दुसरी, पहिली, दुसरी, पहिली, तिसरी, दुसरी, तिसरी असं ओळींवरून फिरतं. भात्याला दिशेचं कोणतंही बंधन नाही. सुरावटीची अख्खी ओळ एका दमात, एकाच ओढीत वाजवता येते. सोय मोठी, आणि आयरिश संगीतापुरती अडचणही हीच. जे बी/सीवाल्याला अर्धं आणि सी शार्प/डीवाल्याला पूर्ण फुकट मिळतं ते क्रोमॅटिकवाल्याला जाणीवपूर्वक करावं लागतं: कुठे बोट आधी उचलायचं, कुठे भाता पलटायचा, कुठे एकच स्वर तीन बोटांनी तोडायचा. हे न करता वाजवलेली रील ऐकली की स्वर सगळे बरोबर असतात आणि तरी कुणाचा पाय हलत नाही. सेशनमध्ये क्रोमॅटिक किंवा पियानो-पट्ट्यांच्या अकॉर्डियनबद्दल नाकं मुरडली जातात त्याचं अर्धं कारण हे. उरलेलं अर्धं निव्वळ आवाजाचं: डाव्या हाताने बास आणि कॉर्ड (एकत्र वाजणारे स्वर) धरून ठेवल्या की फिडलवाल्यांना स्वतःचं वाजवणं ऐकू येत नाही.

दोन डायटॉनिकमधली निवड बहुतेकांना फक्त चवीचा प्रश्न वाटते, पण अलंकार पाहिले की ती तांत्रिक आहे हे दिसतं. आयरिश ‘रोल’ म्हणजे पाच स्वरांचा झटपट वळसा: मूळ स्वर, वरचा, मूळ, खालचा, मूळ. इतक्या वेगात भाता पलटून चालत नाही, म्हणून तिन्ही स्वर एकाच दिशेला हवेत. बी/सीवर एफ शार्पचा रोल बघा: एफ शार्प, जी आणि ई तिन्ही दाबाला. ईचा रोल ई, एफ शार्प आणि खाली डी शार्प घेऊन, सगळा दाबाला. एचा रोल ए, बी आणि जी शार्प घेऊन, सगळा ओढीला. बाहेरच्या ओळीमुळे अर्धस्वर हाताशी असतो आणि वळसे लोण्यासारखे जातात. जीवर मात्र अडतं: वरचा ए ओढीला आहे, म्हणून त्याच्या जागी बी-ओळीवरचा दाबाचा बी घ्यावा लागतो, किंवा रोल सोडून त्रिस्वर (तोच स्वर झटपट तीनदा) तोडावा लागतो.

सी शार्प/डीवर उलट परिस्थिती. ए फक्त दाबाला, त्याचे दोन्ही शेजारी, जी आणि बी, ओढीला. एचा नेहमीचा रोल तिथे होतच नाही. वादक मग त्याच बटणावर दोन-तीन बोटांनी ठोकलेला त्रिस्वर घेतात, किंवा त्याच स्वराला दुसऱ्या सप्तकातला तोच स्वर जोडून धरतात. याला उणीव म्हणायचं की शैली, हे तुम्ही कुणाचं ध्वनिमुद्रण ऐकत मोठे झालात त्यावर ठरतं. एफ शार्प आणि सी शार्प हे दोन स्वर या वाद्यावर दोन्ही दिशांना मिळतात (बी/सीवर ते भाग्य बी आणि ई यांचं), आणि सी मात्र फक्त बाहेरच्या ओळीवर ओढीला. त्यामुळे जीमधल्या सुरावटीत बी-सी अशी जोडी आली की ओळ ओलांडायची तयारी ठेवावी लागते.

इतिहास थोडक्यात. दोन ओळींचं वाद्य आलं तेव्हा जुने वादक ते एका ओळीच्या मेलोडियनसारखंच वाजवत, एका ओळीवर दाब-ओढ करत. टिपररी परगण्यातल्या नीना गावाजवळचे पॅडी ओब्रायन यांच्या १९५४ च्या तबकड्यांनी बी/सीवर ओळी ओलांडून वाजवण्याची, फिडलच्या जवळ जाणारी पद्धत घरोघरी पोहोचवली. गॉल्वेचे जो बर्क यांनी ती पुढे नेली, आणि क्लेअरच्या शॅरन शॅनन यांच्यामुळे ती आयर्लंडबाहेर ऐकली गेली. दुसरीकडे जो कूली यांनी दाब-ओढ सोडली नाही, आणि कॉर्क-केरीच्या सीमेवरच्या स्लीव्ह लूक्रा भागात जॉनी ओलिअरी आणि जॅकी डेली यांच्या हाती पोल्का आणि स्लाइडसाठी सी शार्प/डी पक्कं झालं. या दोन्ही परंपरा जिवंत आहेत. मात्र वर्गात शिकवणारे बी/सीचे जास्त मिळतात, आणि नवख्याच्या दृष्टीने ही गोष्ट वरच्या सगळ्या तर्कांपेक्षा वजनदार आहे. बी/सीच्या शिक्षकापुढे सी शार्प/डी घेऊन बसलात तर त्याचं एकही बोट तुमच्या कामाचं नाही. नंतर बदलू म्हणाल तर एकाचं दुसरं करणं म्हणजे सगळ्या रीड एक पूर्ण स्वर वर किंवा खाली नेणं. त्या खर्चात दुसरं वाद्य येतं.

माझा स्वतःचा कल विचाराल तर सेशनच्या गर्दीत मला सी शार्प/डी अधिक आवडतं आणि एकट्याने वाजवलेल्या संथ सुरावटीत बी/सी. पण पेटीवाल्याला मी बी/सीच सुचवेन. दोन ओळींवर बोटं पसरवून अर्धस्वर शोधण्याची त्याला काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांमुळे सवय असते, आणि एका ओळीच्या दाब-ओढीपेक्षा तो विचार त्याला जवळचा पडतो.

क्रोमॅटिकला मात्र न्याय द्यायला हवा. फ्रान्सचं बाल-म्युझेत हे नृत्यसंगीत, नॉर्वे-स्वीडन-फिनलंडचं जुनं नृत्यसंगीत, सर्बियाचं कोलो नृत्य ही त्याची हक्काची घरं आहेत. रशियात १९०७ मध्ये प्योत्र स्तेर्लिगोव यांनी ‘बायान’ हे क्रोमॅटिक अकॉर्डियन बांधलं आणि तिथल्या संगीतशाळांमध्ये ते शिकवलं जातं. या परंपरांत डायटॉनिक घेऊन जाणं हीच चूक ठरेल. पॅरिसची म्युझेत वॉल्ट्झ तिच्या अर्धस्वरांच्या झरझर उतरत्या तानांसकट बी/सीवर वाजवून पाहा म्हणजे कळेल. पण त्याच फ्रान्समध्ये ओव्हेर्न्यच्या बुरे नृत्यासाठी बरेच लोक जी/सी डायटॉनिक घेतात. बास्क त्रिकितिशा, कोलंबियाचं वाय्येनातो, टेक्सास-मेक्सिको सीमेवरचं तीन ओळींचं अकॉर्डियन, लुइझियानाच्या केजन लोकांचं दहा बटणांचं एक-ओळी, सगळीकडे डायटॉनिक. वाद्य निवडताना देश नव्हे, नाच बघायचा.

क्रोमॅटिकचा खरा लाभ पाच ओळींत आहे. चौथी ओळ पहिलीची आणि पाचवी दुसरीची पुनरावृत्ती असते. त्यामुळे एका पट्टीत बसवलेली बोटं जशीच्या तशी सरकवून बाराही पट्ट्यांत वाजवता येतं. स्केल चेंजर पेटी जे लाकूड सरकवून करते ते इथे हात सरकवून होतं. गायिका काळी चारमध्ये गाते आणि गायक काळी एकमध्ये, अशी साथ करणाऱ्याला याची किंमत सांगायला नको. बी/सीवर काळी चारमध्ये अभंग वाजेल, पण कसरत करत. म्हणून दोन्ही जगांत पाय ठेवायचे असतील तर क्रोमॅटिक, हे मी आनंदाने सांगतो. मींड मात्र यातल्या कशातच नाही, ते दुःख पेटीसारखंच.

क्रोमॅटिक ठरवलंच तर पुढचा फाटा सी-पद्धत की बी-पद्धत. दोन्हींची मांडणी एकमेकींची आरशातली प्रतिमा आहे. सी-पद्धतीत बाहेरच्या ओळीवर सी येतो, बी-पद्धतीत बी. इटली-फ्रान्समधली वाद्यं बहुधा सी, रशिया आणि सर्बियातली बहुधा बी. गुणांत फरक काढत बसू नका. जिथे राहता तिथे दुरुस्ती, शिक्षक आणि दुसऱ्यांदा विकायला बाजार ज्या पद्धतीचा, ती घ्या. पश्चिम युरोपात ते उत्तर सहसा सी येतं.

वजनाचं गणित पेटीच्या आतून समजून घेतलेलं बरं. आपल्या पेटीत हवा एकाच दिशेने जाते म्हणून प्रत्येक रीडला एकच पितळी पत्ती. अकॉर्डियनच्या प्रत्येक प्लेटवर दोन पोलादी पत्त्या असतात, एक दाबासाठी, एक ओढीसाठी. डायटॉनिकमध्ये या दोन पत्त्या वेगळ्या स्वरांच्या. २३ बटणांच्या वाद्यात रीडच्या एका संचाला २३ प्लेट लागतात आणि ४६ स्वर मिळतात (काही दुहेरी). क्रोमॅटिकमध्ये दोन्ही पत्त्या एकाच स्वराच्या, म्हणून ४६ स्वरांना ४६ प्लेट. दुप्पट प्लेट, मोठे लाकडी ठोकळे, मोठं खोकं, मोठा भाता. दोन ओळींचं वाद्य साधारण साडेतीन-चार किलोचं, तर मध्यम क्रोमॅटिक सात-आठ किलोचं आणि १२० बासचं (डाव्या हाताला १२० बटणं असलेलं) पूर्ण वाद्य दहा किलोच्या पुढे. वजनापेक्षा भात्याचा आकार जास्त महत्त्वाचा: मोठा भाता सेकंदाला चार वेळा पलटवणं मनगटाला आणि खांद्याला झेपत नाही. दाब-ओढीची शैली छोट्या वाद्यावरच का वाढली, ते यातून कळतं. किंमतही याच कारणाने वाढते. त्याच दर्जाचं क्रोमॅटिक बरंच महाग पडतं.

डाव्या हाताबद्दल फार लिहीत नाही. बी/सी किंवा सी शार्प/डीवर आठ बटणं, तीही दिशेप्रमाणे बदलणारी. डीची सुरावट चालू असताना डीची कॉर्ड नेमक्या दिशेला मिळेलच असं नाही. पहिलं वर्षभर बास सोडून द्या, फक्त हवेच्या बटणावर डावा अंगठा ठेवा. क्रोमॅटिकचा बास पियानो अकॉर्डियनसारखाच, पंचमांच्या क्रमाने मांडलेला, सीच्या बटणावर खळगा असलेला. तो खरोखर उपयोगी आहे, पण सेशनमध्ये जपून.

खरेदीतले सापळे आता. सगळ्यात नेहमीचा: इंग्लंडहून स्वस्तात मिळालेलं डी/जी. त्यात डीही आहे आणि जीही, मग बिघडलं कुठे? दोन ओळी अर्धस्वराने नव्हे, चौथ्या स्वराच्या अंतराने लावलेल्या असतात. जी शार्प मुख्य ओळींत नाही, म्हणून एमधल्या सुरावटी अडतात, आणि अर्धस्वराचे वळसे होत नाहीत. इंग्लिश मॉरिस नाचासाठी ते उत्तम वाद्य आहे, तुमच्या कामाचं नाही. दुसरा सापळा: दोन ओळी अर्धस्वराच्याच, पण सी/सी शार्प किंवा डी/डी शार्प. डी/डी शार्पवर जुन्या पद्धतीने डी-ओळ धरून वाजवता येतं, पण ते शिकवणारा सापडणं कठीण.

तिसरा सापळा कानाचा. एकाच स्वराच्या दोन पत्त्या मुद्दाम किंचित वेगळ्या लावून जो थरथरता आवाज काढतात त्याला म्युझेत किंवा ट्रेमोलो म्हणतात. सेकंदाला ४४० कंपनांच्या ‘ए’ स्वरावर १० सेंटचा (सेंट म्हणजे अर्धस्वराचा शंभरावा भाग) फरक म्हणजे सेकंदाला सुमारे अडीच लहरी. २० सेंटचा म्हणजे पाच. जुन्या स्कॉटिश आणि आयरिश वाद्यांत वीसच्या पुढचा फरकही सापडतो. एकट्याने ऐकायला तो भरजरी वाटतो, पण फिडल आणि बासरीच्या शेजारी कुणाचाच सूर नक्की राहत नाही. सेशनसाठी शून्य ते दहा सेंट पुरे. नर-नर जोडीच्या पेटीत दोन्ही रीड एकसुरात आणायला आपण धडपडतो, त्या कानाला थोडा सैल सोडावा लागेल, एवढंच. आणि ट्यूनर घेऊन जा: काही जुनी वाद्यं ४४० च्या वर लावलेली असतात, ती सेशनमध्ये सतत खुपतात.

जुनं वाद्य तपासताना क्रम असा ठेवा. भात्याचे पट्टे सोडा, एकही बटण न दाबता वाद्य उभं धरा आणि बासची बाजू स्वतःच्या वजनाने खाली लोंबू द्या. भाता हळूहळू उघडला तर ठीक. झपकन उघडला तर गळती आहे, मग ती कोपऱ्यात, पॅडखाली किंवा चौकटीच्या सांध्यात असेल. यानंतर प्रत्येक बटण दाबाला आणि ओढीला, शक्य तितक्या कमी दाबावर. फक्त एका दिशेला स्वर अडखळत असेल तर पत्तीत कण अडकलाय किंवा तिच्या मागची चामडी पट्टी वाकली आहे. दोन्ही दिशांना एकाच बटणाचा आवाज कमजोर असेल तर पॅड नीट उठत नाही. दिशा बदलताना फडफड ऐकू आली तर चामड्या कडक झाल्यात. खर्र आवाज म्हणजे गंज किंवा तिरकी बसलेली पत्ती. विक्रेता परवानगी देत असेल तर भात्याच्या पिना काढून आत पाहा: प्लेट मेणाने ठोकळ्याला चिकटवलेल्या असतात; मेणाला तडे गेले असतील आणि ते नखाने कुस्करलं जात असेल तर सगळं मेण नव्याने भरावं लागेल. तो खर्च किमतीतून वजा करून बोला. इटलीतल्या कास्तेलफिदार्दोची पावलो सोप्रानी वाद्यं आयर्लंडमध्ये नावाजलेली आहेत म्हणून त्या नावाखाली काहीही विकलं जातं. नाव वाचून नव्हे, वरच्या चाचण्या करून घ्या.

पेटीवाल्याच्या दोन सवयी पहिल्या दिवसापासून आडव्या येतात. पहिली, पट्ट्यांकडे पाहण्याची. इथे बटणं उभी आणि तुमच्यापासून पलीकडे वळलेली, पाहायला गेलात तर मान आणि ताल दोन्ही जातात. सीच्या बटणावर खडबडीत खूण लावून घ्या आणि डोळे वर ठेवा. दुसरी, भाता म्हणजे फक्त हवा भरण्याचं साधन ही समजूत. पेटीत भाता आणि स्वर यांच्यामध्ये हवेची टाकी असते, इथे ती नाही. भात्याचा धक्का थेट पत्तीवर बसतो, म्हणून जोर, लय आणि श्वास सगळं डाव्या हातात.

बी/सीवर डीमध्ये ओढीचे स्वर जास्त असल्याने भाता उघडत उघडत टोकाला जातो. उपाय: ई, एफ शार्प, जी हे दाबाचे स्वर वाजतानाच हवेचं बटण अर्धवट दाबून भाता मिटवून घ्यायचा, स्वर न तोडता. पहिले पंधरा दिवस एवढाच सराव करा: डी-ई-एफ शार्प-जी-ए, वर आणि खाली, प्रत्येक फेरीअखेर भाता जिथून निघाला तिथेच परत आला पाहिजे. हे न करता सुरावटीकडे धावलात तर आठव्या मात्रेला हवा संपलेली असेल, आणि घाईत मारलेला दाब प्रत्येक वेळी चुकीच्या स्वरावर ठेच देईल.

दुसरी अडचण सप्तक बदलताना येते. डायटॉनिक ओळीवर दाबाचे तीन स्वर आणि ओढीचे चार, त्यामुळे बटणांची जोडी दर सप्तकाला सरकते. सी शार्प/डीच्या डी-ओळीवर खालच्या सप्तकात एकाच बटणावर दाबाला डी आणि ओढीला त्याच्या वरचा ई. वरच्या सप्तकात मात्र ज्या बटणावर दाबाला एफ शार्प, त्यावरच ओढीला त्याच्या खालचा ई. ‘ओढलं की वर’ हा नियम मनात बसवून टाकलात तर दुसऱ्या सप्तकात हमखास फसाल. म्हणून दोन्ही सप्तकं सुरुवातीपासून वेगळी पाठ करा, खालच्यावरून वरचं काढू नका.

वाद्य सुट्टीत महाराष्ट्रात आणणार असाल तर मेण आणि पोलाद दोन्ही जपा. मे महिन्यात बंद गाडीत ठेवलेल्या वाद्याचं मेण मऊ होऊन प्लेट सरकतात. कोकणात किंवा गोव्यात पावसाळ्यात पत्त्या गंजतात. खोक्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवा, दर महिन्याला बदला, आणि वाद्य वाजवताना असतं तसं उभं ठेवा, म्हणजे चामड्या लोंबत नाहीत. आपल्याकडचा पेटी दुरुस्त करणारा कारागीर गळती आणि पॅडचं काम चांगलं करेल. स्वर लावायला मात्र त्याला देण्याआधी विचारा की पोलादी पत्तीवर हात बसला आहे का. टोकाशी घासलं की स्वर चढतो आणि बुडाशी घासलं की उतरतो, हे पितळात जसं तसंच पोलादात. पण इथे दोन पत्त्या एका प्लेटवर आहेत, आणि आतल्या बाजूची पत्ती घासण्यासाठी तिला बारीक आकड्याने फटीतून वर उचलून धरावं लागतं. ते न जमणाऱ्याने जोर लावला की पत्ती रिबिटाजवळ वाकते, आणि मग ती बदलण्यावाचून उपाय राहत नाही.